न्यू जर्सीत गांजाच्या दुकानाचा परवाना: अर्ज भरण्याआधी काय तयारी करावी

न्यू जर्सीत २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रौढांसाठीच्या गांजाचा कायदा झाला आणि २१ एप्रिल २०२२ पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही दुकानात जाऊन माल घेता येऊ लागला. एका व्यवहारात जास्तीत जास्त २८.३५ ग्रॅम, म्हणजे एक औंस. एडिसन, इझेलिन, जर्सी सिटी या पट्ट्यात राहणाऱ्या, आधीच दारूचं दुकान, पेट्रोल पंप किंवा मोटेल चालवणाऱ्या आपल्या लोकांना हा धंदा ओळखीचा वाटतो: परवाना, जागा, माल, गल्ला. पण इथले बरेच अर्ज पोर्टल उघडण्याच्या कितीतरी आधीच फसलेले असतात. मालकी नीट ठरलेली नसते, गाव चुकलेलं असतं, भाडेकरार घाईत झालेला असतो, पैशाचा माग लागत नाही. अर्जाचा फॉर्म भरणं हे शेवटचं आणि त्यातल्या त्यात सोपं काम आहे. म्हणून हा लेख मुख्यतः त्याआधीच्या महिन्यांबद्दल आहे.

कायद्यात सहा वर्गांचे परवाने आहेत: लागवड, प्रक्रिया-उत्पादन, घाऊक विक्री, वाहतूक-वितरण, किरकोळ दुकान आणि घरपोच सेवा. नवख्यांचा कल बहुधा पाचव्या वर्गाकडे, म्हणजे दुकानाकडे असतो, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतली आहेत. परवाना देणारी संस्था म्हणजे राज्याचा कॅनाबिस (म्हणजे गांजा) नियामक आयोग. कोणत्या वर्गाचे आणि कोणत्या प्रकारचे अर्ज सध्या स्वीकारले जात आहेत, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका.

पायरी १: तुमचा पासपोर्ट कोणता आहे?

हा प्रश्न सगळ्यात आधी घ्यायचा, कारण इथे चूक झाली तर ती पैशांनी भरून निघत नाही.

राज्याने गांजा कायदेशीर केला, तरी देशाच्या म्हणजे फेडरल कायद्यात तो नियंत्रित अमली पदार्थ आहे, आणि इमिग्रेशन पूर्णपणे फेडरल कायद्यावर चालतं. एच-१बी, एच-४, एल-१, विद्यार्थी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड यांपैकी काहीही असेल, तर या धंद्यात मालक, भागीदार, सावकार किंवा नोकर म्हणूनही पाय टाकू नका. अमली पदार्थांच्या व्यापाराशी संबंध असल्याचं मानायला अधिकाऱ्याकडे सबळ कारण असलं, तरी तेवढ्यावर प्रवेश नाकारता येतो. कोर्टात गुन्हा सिद्ध होण्याची गरज नसते. नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगली नैतिक वर्तणूक’ दाखवावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा-उद्योगातली नोकरीसुद्धा त्या आड येऊ शकते. आणि परवान्याच्या अर्जात तर तुम्ही स्वतःच्या सहीने, शपथेवर लिहून देता की या धंद्यात माझा वाटा आहे. यापेक्षा मोठा पुरावा कोणाला शोधावा लागणार नाही.

‘मी नागरिक आहे, बायकोचं ग्रीन कार्ड आहे, मग धंदा माझ्या नावावर करू’ असा विचार बऱ्याच घरांत होतो. त्यातही धोका आहे. अशा व्यापारातून गेल्या पाच वर्षांत जाणूनबुजून आर्थिक लाभ घेणाऱ्या जोडीदाराला आणि मुलांनाही प्रवेश नाकारण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. घरातल्या प्रत्येक सदस्याची कागदपत्रं इमिग्रेशन वकिलाला दाखवा. कॅनाबिसच्या वकिलाला नव्हे, इमिग्रेशनच्या. दोघांची कामं वेगळी आहेत आणि एकाला दुसऱ्याच्या कामातलं कळेलच असं नाही.

भारतीय पासपोर्ट अजून हातात असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी इथले वकील सहसा सांगत नाहीत. भारताचा एनडीपीएस कायदा, १९८५, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, हा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू होतो; तसं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. कलम १२ नुसार, भारताबाहेर अमली पदार्थ मिळवून भारताबाहेरच्याच व्यक्तीला पुरवण्याचा व्यापार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कलम २४ मध्ये त्याला १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आहे. अशा व्यापाराला पैसा पुरवण्याबद्दल कलम २७-अ आहे, शिक्षा तेवढीच. म्हणजे नाशिकच्या सासऱ्यांनी जमीन विकून आलेले पैसे जावयाच्या दुकानात घालणं ही नुसती घरगुती मदत राहत नाही. भारतातला पैसा या धंद्यात अजिबात आणू नका. नातेवाइकाने कितीही प्रेमाने देऊ केला तरी.

अमेरिकन नागरिक असलात तरी दोन गटांनी थांबून विचार करावा. एक, फेडरल नोकरी किंवा सुरक्षा-मंजुरी असलेले; या उद्योगात जाणीवपूर्वक केलेली थेट गुंतवणूक सुरक्षा-मंजुरीच्या आड येऊ शकते. दुसरे, नियंत्रित औषधांसाठी फेडरल नोंदणी असलेले डॉक्टर आणि औषध-दुकानदार. त्यांनी आपल्या व्यवसायाच्या वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी २: कोणत्या दाराने आत जायचं

दोन प्रकारचे अर्ज असतात, सशर्त आणि वार्षिक. सशर्त परवान्यासाठी अर्ज करताना जागा आणि गावाची मंजुरी हातात नसली तरी चालते. धंद्याची योजना, नियमपालनाची योजना, माणसांची आणि पैशांची माहिती पुरते. हा परवाना मिळाल्यावर दुकान मात्र उघडता येत नाही. ठरलेल्या मुदतीत जागा आणि गावाची मंजुरी मिळवून तो वार्षिक परवान्यात बदलून घ्यावा लागतो. २०२१ च्या मूळ नियमांत ही मुदत १२० दिवस आणि वर ४५ दिवसांची वाढ अशी होती. तुमच्यासाठी तुमच्या मंजुरीपत्रावर लिहिलेली तारीख खरी. सशर्त परवाना मिळाला की पेढे वाटले जातात आणि मग तिथेच माणसं महिनोन्‌महिने अडकतात, कारण जागेचा शोध तेव्हा सुरू होतो. तो आधीच सुरू करा.

सशर्त परवान्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. निर्णयाचा अधिकार असलेल्या प्रत्येक मालकाचं मागच्या करवर्षाचं समायोजित ढोबळ उत्पन्न (अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम) २,००,००० डॉलरपेक्षा, आणि नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं असेल तर ४,००,००० डॉलरपेक्षा जास्त नको. दोघंही आयटीत असलेल्या जोडप्यांचा अर्ज इथे बाद होऊ शकतो. पगाराच्या आकड्यावरून अंदाज बांधू नका. विवरणपत्रावर समायोजित ढोबळ उत्पन्नाची ओळ स्वतंत्र असते, ती बघा. शेअर विकून झालेला एकदाचा नफाही त्यात येतो.

वार्षिक अर्जाला उत्पन्नाची अट नाही, पण जागेवरचा ताबा, गावाचा पाठिंबा, झोनिंगची (गावाच्या कोणत्या भागात कोणता धंदा चालेल याची) मंजुरी आणि कामकाजाच्या सगळ्या कार्यपद्धती पहिल्याच दिवशी जोडाव्या लागतात.

दोन्ही प्रकारांत छोटा उद्योग, म्हणजे मायक्रोबिझनेस, असा पर्याय आहे: जास्तीत जास्त १० कर्मचारी, २,५०० चौरस फूट जागा, सगळे मालक न्यू जर्सीचे किमान दोन वर्षांचे रहिवासी, आणि मालक-कर्मचारी मिळून निदान ५१ टक्के लोक त्याच गावचे किंवा लगतच्या गावचे. शुल्कातला फरक मोठा आहे. नियमांतल्या तक्त्यानुसार छोट्या उद्योगाचं परवानाशुल्क १,००० डॉलर, तर नेहमीच्या दुकानाचं १०,००० डॉलर. अर्जाचं शुल्क वेगळं. त्याचा पाचवा हिस्सा अर्ज करताना आणि उरलेला मंजुरीनंतर. पहिलं दुकान काढणाऱ्या, स्वतः गल्ल्यावर उभं राहायची तयारी असलेल्या कुटुंबाने छोट्या उद्योगाचा गंभीरपणे विचार करावा. त्याला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. कामगार संघटनेशी शांतता-करार (एकमेकांच्या कामात अडथळा न आणण्याचा करार) करण्याची जी अट मोठ्या अर्जदारांना असते, ती छोट्या उद्योगाला नाही. मोठा अर्ज करणार असाल तर संघटनेची सही असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं आणि ते शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. निदान दोन महिने आधी संपर्क साधा.

कोणाचा अर्ज आधी तपासायचा याचा क्रम ठरलेला आहे. सामाजिक न्यायाच्या निकषात बसणारे (उदाहरणार्थ, पूर्वी गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले) सर्वांत आधी, मग विविध गटांच्या मालकीचे उद्योग, मग न्यूअर्क, पॅटरसन, ट्रेंटनसारख्या प्रभावक्षेत्रातले (गांजाबंदीच्या कारवाईची झळ जास्त बसलेल्या गावांतले), आणि मग बाकीचे. विविध गटांत अल्पसंख्याक, महिला आणि अपंग माजी सैनिक येतात, आणि अल्पसंख्याकांच्या व्याख्येत भारतीय वंशाचे लोकही मोडतात. पण नुसतं आडनाव पुरत नाही, राज्याच्या अर्थखात्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ५१ टक्के मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण, दोन्ही दाखवावं लागतं. बायकोच्या नावावर ५१ टक्के टाकायचे आणि चेकवर सही, बँकेशी बोलणं, मालाची खरेदी सगळं नवऱ्याने करायचं, हे तपासणाऱ्यांच्या लगेच लक्षात येतं. ती खरंच दुकान चालवणार असेल तर करारनाम्यात तसे अधिकार लिहा. नसेल तर हा मार्ग सोडून द्या.

पायरी ३: गाव निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कायदा झाल्यावर गावांना १८० दिवस दिले होते, २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत. तोपर्यंत बंदीचा ठराव करायचा किंवा अटी घालायच्या. राज्यातल्या साडेपाचशेहून अधिक गावांपैकी बहुतेकांनी बंदी घातली. काहींनी पुढे विचार बदलला. म्हणून नकाशे आणि जुन्या बातम्यांवर विसंबू नका. गावाच्या क्लार्कच्या कार्यालयातून कॅनाबिसचा चालू वटहुकूम (ऑर्डिनन्स, म्हणजे गावाचा स्थानिक कायदा) मागून घ्या, दुरुस्त्यांसकट. तो वाचताना पुढच्या प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरवा:

- दुकानांची कमाल संख्या किती, आणि त्यांपैकी किती जागा आधीच दिल्या गेल्या आहेत?
- कोणत्या झोनमध्ये परवानगी आहे?
- शाळा, उद्यान, पाळणाघर, प्रार्थनास्थळ आणि दुसरं कॅनाबिस दुकान यांपासून किती अंतर हवं, आणि ते कुठून कुठपर्यंत मोजायचं?
- गाव पाठिंब्याचा ठराव कसा देतं: येईल त्याला क्रमाने, की वेगळे अर्ज मागवून गुण देऊन?
- गावाचं स्वतःचं अर्जशुल्क आणि वार्षिक शुल्क किती, आणि नकार मिळाला तर त्यातलं काही परत मिळतं का?

अंतर मोजण्याच्या पद्धतीवरून बरेच अर्ज अडकतात. काही वटहुकूम हद्दीपासून हद्दीपर्यंत मोजायला सांगतात, काही दारापासून दारापर्यंत पायी चालण्याच्या मार्गाने. मोबाइलवरच्या नकाशात दुकान नियमात बसतं आणि भूमापकाच्या नकाशात ८० फूट कमी पडतात, असं होऊ शकतं. भाडेकराराआधी परवानाधारक भूमापकाकडून अंतर मोजून घ्या आणि झोनिंग अधिकाऱ्याचं लेखी पत्र मिळवा. अधिकारी फोनवर ‘चालेल’ म्हणाला, याची फायलीत काही किंमत नाही.

गावाकडून दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. कौन्सिलचा पाठिंब्याचा ठराव हा राजकीय निर्णय आहे. तो सभेत, लोकांसमोर होतो. झोनिंगची मंजुरी हा तांत्रिक निर्णय आहे. त्यापुढे नियोजन मंडळासमोर जागेचा आराखडा जाऊ शकतो, त्यात पार्किंग, वाहनांची ये-जा, मागच्या दाराने माल उतरवण्याची सोय, दिवे, कुंपण हे सगळं येतं. मंडळाच्या सभा ठरावीक तारखांनाच होतात आणि विषयपत्रिका भरलेली असते, त्यामुळे वर्षभराचं वेळापत्रक आधीच मिळवा.

कौन्सिलच्या तीन-चार सभांना आधीच जाऊन बसा. कोण विरोध करतं, कशाला करतं, हे तिथे कळतं. शेजाऱ्यांचे आक्षेप बहुधा रहदारी, वास आणि रांगेबद्दल असतात, आणि तिन्हींना नेमकी उत्तरं देता येतात: तासाला किती ग्राहक, किती गाड्या, हवा गाळण्याची कोणती यंत्रणा, रांग आत उभी राहील की बाहेर. सगळं कसं छान होईल असं नुसतं सांगणाऱ्याचं म्हणणं सभेत टिकत नाही. आपल्या समाजातले लोकही त्या सभेत बसलेले असतात, आणि आपल्या माणसाने गांजाचं दुकान काढावं हे त्यांतल्या अनेकांना पटत नाही. त्यांच्याशी सभेच्या आधी, घरी जाऊन, मोकळेपणाने बोलून घ्या.

पायरी ४: जागा आणि भाडेकरार

दारूचं दुकान किंवा किराणा आधीच असलेल्यांचा पहिला प्रश्न असतो: ‘तिथेच एक कोपरा नाही का काढता येणार?’ नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या किंवा दारू विकणाऱ्या दुकानाच्या जागेत कॅनाबिसचं दुकान ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. जागा स्वतंत्र लागते.

जागेचा ताबा दाखवायला मालकीपत्र, भाडेकरार किंवा अट घातलेला करार चालतो. नवख्याने शक्यतो अट घातलेलाच करार करावा, कारण आज सही केली आणि दुकान उघडायला दीड वर्ष लागलं तर १८ महिन्यांचं भाडं रिकाम्या जागेचं जातं. महिना ८,००० डॉलर धरले तर १,४४,००० डॉलर, एकही ग्राहक यायच्या आधी. करारात पुढच्या गोष्टी असाव्यात:

- पूर्ण भाडं राज्याचा वार्षिक परवाना मिळाल्यावर सुरू होईल. तोपर्यंत ठरावीक लहान रक्कम, जागा राखून ठेवण्यापुरती.
- गावाने किंवा राज्याने नकार दिला तर ठेव गमावून बाहेर पडता येईल, पुढचं दायित्व राहणार नाही.
- जागेचा वापर कशासाठी आहे आणि तो फेडरल कायद्यात बेकायदा आहे हे जागामालकाला माहीत आहे, आणि त्या कारणावरून तो करार मोडणार नाही.
- आयोगाच्या तपासनिसांना केव्हाही प्रवेश.
- भाडं ठरावीक रकमेत. विक्रीच्या टक्केवारीत भाडं ठेवलं तर जागामालक तुमच्या धंद्यातला आर्थिक भागीदार ठरू शकतो आणि त्याचीही पार्श्वभूमी-तपासणी मागे लागते.

जागामालकाच्या गहाणखताची प्रत मागा. बऱ्याच बँकांच्या गहाणखतात एक कलम असतं, मालमत्तेवर फेडरल कायद्याविरुद्ध काही चाललं तर संपूर्ण कर्ज लगेच वसूल करता येईल असं. मालकालाही ते आठवत नसतं. बँकेची लेखी संमती नसेल तर ती जागा कितीही मोक्याची असली तरी सोडा.

पायरी ५: माणसं आणि पैसा

कंपनी स्थापन करणं दोन दिवसांचं काम आहे. तिच्यात कोण किती टक्क्यांनी आहे, हे ठरवायला दोन महिने लागले तरी लावा.

मालक, प्रमुख पदाधिकारी आणि कारभारात महत्त्वाचा सहभाग असलेली माणसं यांची बोटांचे ठसे घेऊन तपासणी होते. पूर्वी गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती न्यू जर्सीत आड येत नाही, उलट सामाजिक न्यायाच्या निकषात मोजली जाते. लपवणं मात्र आड येतं. प्रत्येकाने आपला पूर्ण इतिहास, राहण्याचे पत्ते, नोकऱ्या, दुसऱ्या धंद्यांतले हिस्से, चालू खटले, करथकबाकी यांचा तक्ता आधी साध्या कागदावर तयार करावा.

पैशाच्या बाबतीत आपल्याकडची हातउसन्याची सवय इथे घातक ठरते. मित्राने ४०,००० डॉलर दिले, कागद नाही, ‘दुकान चाललं की दे’ म्हणाला. तपासणीत तुमच्या खात्यात ४०,००० डॉलर अचानक आलेले दिसतात. हे कर्ज आहे, भेट आहे की छुपी भागीदारी, याला उत्तर नसेल तर अर्ज तिथेच थांबतो. पैसे देणारा प्रत्येक जण उघड करावा लागतो. कर्जाचा लेखी करार हवा, त्यात व्याजदर, परतफेडीची तारीख आणि कारभारावर नियंत्रण कोणाचं हे स्पष्ट हवं. ज्याला आपलं नाव कागदावर नको आहे, त्याचे पैसे घेऊ नका. पैसे खात्यात जमा होण्याचं मूळ दाखवता येईल अशी निदान वर्षभराची बँक-विवरणं जपून ठेवा: घर विकलं तर त्याचा हिशेबपत्रक, निवृत्तिनिधीतून काढले तर त्याची पावती.

सल्लागार कंपन्यांपासूनही सावध राहा. ‘अर्ज आम्ही भरतो, पैसे आम्ही लावतो, तुम्ही फक्त नाव द्या’ असा प्रस्ताव आला की करारातली व्यवस्थापन-शुल्काची आणि परतफेडीची कलमं स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. नावाला ५१ टक्के आणि सगळा नफा शुल्कात निघून जाणार, अशी रचना नियामकांना ओळखीची आहे. ती पकडली गेली तर परवाना तुमचा जातो, त्यांचा नाही.

बँक आधी शोधा. गांजाच्या धंद्यांना सेवा देणाऱ्या बँका आणि क्रेडिट युनियन मोजक्या आहेत. फेब्रुवारी २०१४ च्या फेडरल सूचनांनुसार त्यांना तुमच्या खात्याबद्दल नियमित अहवाल पाठवावे लागतात, म्हणून त्या दरमहा शुल्क घेतात आणि भरपूर कागद मागतात. फेडरल हमीची लघुउद्योग कर्जं या धंद्याला मिळत नाहीत, आणि धंदा बुडाला तर फेडरल दिवाळखोरीचं संरक्षणही सहसा मिळत नाही. म्हणून घर गहाण टाकण्याआधी दहा वेळा विचार करा.

पायरी ६: कराचं गणित

फेडरल करकायद्याच्या कलम २८०-ई प्रमाणे, अमली पदार्थांच्या फेडरल याद्यांपैकी पहिल्या आणि दुसऱ्या यादीतल्या (अनुसूचीतल्या) पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचे नेहमीचे खर्च वजा करता येत नाहीत. विकलेल्या मालाची खरेदी-किंमत तेवढी वजा होते. उदाहरण घ्या:

वर्षाची विक्री २०,००,००० डॉलर. मालाची किंमत ११,००,०००. ढोबळ नफा ९,००,०००. भाडं, पगार, सुरक्षा, विमा, जाहिरात मिळून ७,००,०००. हातात उरलेला खरा नफा २,००,०००. पण २१ टक्के कंपनी-कर लागतो तो ९ लाखांवर, म्हणजे १,८९,०००. शिल्लक ११,०००.

एलएलसीचा (मर्यादित दायित्वाच्या कंपनीचा) नफा थेट मालकांच्या विवरणपत्रावर आला, तर हा न मिळालेल्या पैशावरचा कर मालकांना खिशातून भरावा लागतो. म्हणून अनेक दुकानं कंपनी-कराचा पर्याय निवडतात. राज्याने मात्र मे २०२३ च्या कायद्याने परवानाधारकांना राज्याच्या करात हे खर्च वजा करू दिले आहेत. मे २०२४ मध्ये फेडरल सरकारने गांजा तिसऱ्या अनुसूचीत टाकण्याचा प्रस्ताव मांडला. तिथे कलम २८०-ई लागू होत नाही. योजना दोन्ही गणितांनी बनवा, आणि अर्जाच्या दिवशी कोणतं लागू आहे ते या धंद्याचा अनुभव असलेल्या सीपीएकडून (परवानाधारक हिशेबतज्ज्ञाकडून) लेखी घ्या. बदल होईल या आशेवर भांडवल कमी दाखवू नका.

ग्राहकाकडून घ्यायचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, वर गाव दोन टक्क्यांपर्यंत स्वतःचा कर लावू शकतं.

अंदाजपत्रकात दुकान उघडण्याआधीचे किमान १२ महिने आणि उघडल्यानंतरचे तोट्याचे ६ महिने धरा. सर्वाधिक विसरले जाणारे खर्च: तिजोरीची खोली आणि तिला लागणारं बांधकाम, वीजपुरवठा वाढवणं, विमा, रोकड वाहून नेणारी गाडी, आणि पहिला माल. नव्या दुकानाला उधारीवर माल क्वचितच मिळतो.

पायरी ७: योजना आणि कार्यपद्धती लिहिणं

दुसऱ्या राज्यातल्या अर्जाची नक्कल विकत घेऊन नाव बदलणं, ही इथली नेहमीची चूक. मग ‘कॅलिफोर्निया’ हा शब्द कुठेतरी पानावर राहतो, किंवा न्यू जर्सीत नसलेल्या विभागाचा उल्लेख येतो. नियमांची प्रत समोर ठेवा आणि प्रत्येक अटीसाठी एक ओळ असलेला तक्ता करा: अट काय, आपण ती कशी पाळणार, कोण जबाबदार, आणि उत्तर अर्जाच्या कोणत्या पानावर आहे. पानांची मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

लिहिताना क्रियापदाला कर्ता द्या. ‘मालाची काळजी घेतली जाईल’ याला काही अर्थ नाही. त्याऐवजी: ‘माल उतरल्यावर पाळीचा व्यवस्थापक आणि दुसरा एक कर्मचारी पावतीतलं वजन आणि पाकिटांची संख्या मोजतात, मेट्रक प्रणालीत स्वीकारतात आणि लगेच तिजोरीत ठेवतात. फरक आढळला तर ते पाकीट वेगळं ठेवून त्याच दिवशी नोंद करतात.’ मेट्रक ही बीपासून विक्रीपर्यंत मालाचा माग ठेवणारी राज्याची प्रणाली आहे; गल्ल्यावरचं सॉफ्टवेअर तिच्याशी जोडता येणारंच घ्या.

सुरक्षेचा आराखडा जागेच्या खऱ्या नकाशावर काढा: ग्राहकांचा भाग, मर्यादित प्रवेशाचा भाग, तिजोरी, माल उतरवण्याचं दार, प्रत्येक कॅमेरा आणि तो काय पाहतो. परत मागवलेला माल, ग्राहकाची तक्रार, टाकाऊ माल नष्ट करणं, ओळखपत्र तपासणं, चोरीचा संशय, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, हिशेब आणि नोंदी जपणं या प्रत्येकासाठी वेगळी कार्यपद्धती हवी. लिहून झाल्यावर या धंद्यातलं काहीही माहीत नसलेल्या माणसाला एक कार्यपद्धती वाचायला द्या आणि ती पायरीपायरीने करून दाखवायला सांगा. तो जिथे अडतो तिथे तुमचं लिखाण अपुरं आहे.

पायरी ८: अर्ज भरताना आणि त्यानंतर

एकच माणूस सगळ्या फॉर्मांवरून शेवटचा हात फिरवू दे, आणि त्याने फक्त तीन गोष्टी बघाव्यात: नावांची स्पेलिंग, टक्केवारी, तारखा. आपल्या नावांची इथे फार पंचाईत होते. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, लायसन्सवर नाही, बँकेत आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव एका ठिकाणी आणि माहेरचं दुसरीकडे. चारही कागदांवरचं नाव एकाच व्यक्तीचं आहे असं प्रतिज्ञापत्र आधीच करून जोडा. टक्केवारी करारनाम्यात, मालकीच्या फॉर्मवर, वैयक्तिक फॉर्मवर आणि अर्थखात्याच्या प्रमाणपत्रात तंतोतंत जुळली पाहिजे, ३३.३ आणि ३३.३४ असला फरकही प्रश्न निर्माण करतो.

अर्ज गेल्यावर त्रुटी दाखवणारं पत्र येऊ शकतं. त्याला मुदत असते, आणि ते अर्जात दिलेल्या ईमेलवर येतं. तो ईमेल निदान दोन माणसं रोज बघतील अशी व्यवस्था करा, स्पॅमसकट. पत्रात जेवढं विचारलं आहे तेवढंच आणि त्याच क्रमाने पाठवा. या निमित्ताने बाकीचा अर्ज सुधारायला जाऊ नका, कारण त्यातून नवी विसंगती तयार होते.

वाट बघण्याच्या काळात भागीदार बदलला, नवा पैसा आला, जागामालकाने इमारत विकली, कोणावर खटला झाला, तर आयोगाला लगेच कळवा. आधी वकिलाला विचारा की हा बदल अर्जाच्या या टप्प्यावर चालतो का, कारण काही बदलांना आधी परवानगी लागते. आणि वार्षिक परवाना मंजूर झाला तरी शेवटची तपासणी होऊन परवाना हातात पडेपर्यंत माल मागवू नका, नोकरभरतीची पक्की पत्रं देऊ नका आणि उद्घाटनाची तारीख छापू नका.